पटल पटलातूनच वाढतं

निफाडजवळच्या एका बी.एस्सी. दुसऱ्या वर्षाच्या मुलाने विचारलं आहे: "मॅडम, फॉस्फोलिपिड पाण्यात टाकले की दुपदरी पडदा आपोआप तयार होतो, असं पुस्तकात आहे. मग ते बनवायला पेशी इतकी एन्झाइमं कशाला वापरते? एटीपी हाताशी असताना सीटीपी कशाला? आणि शेवटी ते पेशीचं कुंपणच ना, मग त्याचं एवढं काय? जाता जाता, बेदाण्याला लावतो त्या डिपिंग ऑइलचा याच्याशी काही संबंध आहे का?"

पाठ करायच्या आधी "कशाला" विचारलंस, बरं वाटलं. मी नऊ वर्षं कॉलेजात बायोकेमिस्ट्री शिकवली आणि गेली एकवीस वर्षं नाशकात पॅथॉलॉजी लॅब चालवते, त्यामुळे उत्तरात थोडं पुस्तक आणि थोडी लॅब असं मिसळून येईल. डिपिंग ऑइलचं शेवटी सांगते.

पुस्तकातलं वाक्य खरं आहे. फॉस्फोलिपिड म्हणजे पाणी आवडणारं एक डोकं आणि पाणी टाळणाऱ्या मेदाम्लांच्या दोन शेपट्या, आणि तू ज्याला पडदा म्हणतोस तेच पटल. अंड्याच्या बलकातलं लेसिथिन पाण्यात हलवलं की दुपदरी पिशव्या होतातच. पण फॉस्फोलिपिड तयार असतील तर काय होतं, एवढंच ते वाक्य सांगतं. पेशी कधी रिकाम्या भांड्यापासून सुरुवात करत नाही. विरजणाशिवाय दही लागत नाही, तसं जुन्या पटलाशिवाय नवं पटल होत नाही. फॉस्फोलिपिड बनवण्याच्या शेवटच्या पायऱ्या करणारी एन्झाइमं स्वतःच पटलात रुतलेली असतात आणि तिथे तयार झालेला रेणू तिथल्या तिथे शेजाऱ्यांमध्ये घुसतो. पेशी विभागली की लेकीला आईच्या पटलाचा वाटा मिळतो आणि त्याच वाट्यात पुढची भर पडते. तुझ्या अंगातलं प्रत्येक पटल असं मागे मागे नेलं तर तुझ्या आईच्या बीजांडाच्या पटलापर्यंत जातं. डीएनए वारशात येतो हे सगळ्यांना पाठ असतं, पटलही वारशात येतं हे परीक्षेत कुणी विचारत नाही.

आता घरातलंच उदाहरण घे. दुधातल्या मेदाच्या थेंबाभोवती एक पातळ आवरण असतं आणि ते बहुतांशी पेशीच्या पटलाचंच असतं. गाईच्या कासेतली पेशी आधी आत मेदाचा थेंब बनवते, त्याला फॉस्फोलिपिडचा एक पदर असतो. मग तो थेंब पेशीच्या कडेला येतो आणि बाहेर पडताना पेशीचं बाहेरचं दुपदरी पटल अंगावर ओढून घेतो. म्हणजे एकूण तीन पदर. त्यामुळेच दुधातले थेंब एकमेकांत मिसळून तेलासारखे वर येत नाहीत. तुझी आजी रवीने घुसळायची तेव्हा ती नेमकं हे आवरण फोडत होती. थेंब उघडे पडले की एकमेकांना चिकटतात, लोणी वर येतं आणि फाटलेली आवरणं खाली ताकात राहतात. दुधातल्या एकूण मेदात फॉस्फोलिपिड जेमतेम 1 टक्का, जवळजवळ सगळं ट्रायग्लिसराइड. घुसळल्यावर ट्रायग्लिसराइड लोण्यात जातं आणि फॉस्फोलिपिडचा मोठा वाटा ताकात.

हे उदाहरण मुद्दाम घेतलं, कारण लोणी आणि त्यावरची साल हे दोन्ही त्याच पेशीत, जवळजवळ शेवटपर्यंत एकाच वाटेने बनतात. वाट अशी. ग्लुकोज फुटताना मध्येच तीन कार्बनचा एक तुकडा मिळतो, त्यापासून ग्लिसरॉल-3-फॉस्फेट होतं. हा कणा. त्याच्या पहिल्या जागेवर एक मेदाम्ल जोडलं जातं, बहुधा सरळ, संपृक्त, 16 किंवा 18 कार्बनचं. दुसऱ्या जागेवर दुसरं जोडलं जातं, बहुधा वाकडं, म्हणजे असंपृक्त. दोन्ही मेदाम्लं कोएन्झाइम ए-ला बांधून आणावी लागतात, मोकळी चालत नाहीत. तयार झालं ते फॉस्फॅटिडिक आम्ल. दोन लांब शेपट्या लागल्यावर ते पाण्यात परतत नाही, पटलातच राहतं. हे सगळं मुख्यतः आंतर्द्रव्यजालिकेत, म्हणजे पेशीच्या आतल्या पटलांच्या जाळ्यात चालतं.

फॉस्फॅटिडिक आम्लाचा फॉस्फेट काढून टाकला की डायअसिलग्लिसरॉल उरतं. इथे रस्ता फुटतो. तिसरं मेदाम्ल लावलं तर ट्रायग्लिसराइड, म्हणजे लोणी, तूप, पोटावरची चरबी. त्याच जागी फॉस्फोकोलिन लावलं तर फॉस्फॅटिडिलकोलिन, म्हणजे लेसिथिन, आपल्या पटलांमधलं सगळ्यात जास्त असणारं फॉस्फोलिपिड. फॉस्फोइथेनॉलअमाइन लावलं तर फॉस्फॅटिडिलइथेनॉलअमाइन. तिसरी शेपूट की डोकं, एवढ्यावर साठवणीचा माल होणार की बांधकामाचा, हे ठरतं. मी वर्गात फळ्यावर हा एकच फाटा काढायचे आणि बाकी सगळं मुलांकडून भरून घ्यायचे.

डोकं लावायचं तर ऊर्जा हवी आणि तिथेच तुझा सीटीपीचा प्रश्न येतो. एटीपी हे पेशीचं ऊर्जेचं रोजचं चलन, सीटीपी त्याचाच भाऊबंद. 1950 च्या दशकात शिकागो विद्यापीठात यूजीन केनेडी आणि त्यांचे सहकारी सॅम्युएल वाइस हेच शोधत होते. यकृताच्या अर्कात फॉस्फोकोलिन आणि एटीपी घातलं की लेसिथिन बनायचं. मग अधिक शुद्ध, स्फटिकरूप एटीपी घातलं, तर बनेना. एखाद्याने शुद्ध मालाच्या नावाने बोटं मोडली असती आणि जुनी बाटली परत उघडली असती. या दोघांनी उलटा विचार केला: शुद्ध एटीपीने काम होत नाही, म्हणजे आधी काम अशुद्धीच करत होती. ती अशुद्धी म्हणजे एटीपीत मिसळलेलं थोडं सीटीपी. 1956 साली त्यांनी ते सविस्तर छापलं आणि आज त्या वाटेला केनेडी मार्ग म्हणतात. माझ्या लॅबमध्ये एखादी चाचणी नव्या लॉटच्या रसायनाने बिघडली की मी टेक्निशियनना ही गोष्ट सांगते. आता त्यांना ती पाठ झाली आहे आणि ते माझ्याकडे बघून आधीच हसतात.

पायऱ्या तीनच आहेत. कोलिनला एटीपी देऊन फॉस्फोकोलिन होतं. फॉस्फोकोलिनला सीटीपी भेटलं की सीडीपी-कोलिन बनतं आणि पायरोफॉस्फेट सुटतं. ते लगेच फुटत असल्यामुळे गाडी मागे फिरत नाही. शेवटी सीडीपी-कोलिन आपलं फॉस्फोकोलिन डायअसिलग्लिसरॉलला देऊन टाकतं आणि सीएमपी मोकळं होतं. एटीपीच का नाही? रसायनाच्या दृष्टीने त्यात अशक्य काही नव्हतं. मला पटणारं स्पष्टीकरण घरखर्चाच्या डब्यांचं आहे. पूर्वी घरात दूधवाल्याचे पैसे एका डब्यात, किराण्याचे दुसऱ्यात, फीचे तिसऱ्यात असायचे. पैसे सगळे त्याच पगारातले, पण एका खर्चाने दुसरा बुडू नये म्हणून डबे वेगळे. पेशीतही सगळे डबे शेवटी एटीपीनेच भरले जातात, पण ग्लायकोजेनसाठी साखर बांधायला यूटीपी, प्रथिनं जोडताना जीटीपी आणि फॉस्फोलिपिडसाठी सीटीपी.

दुसरी वाटही आहे आणि तिथे मुलं हमखास गडबडतात. सीटीपी डोक्याला न जोडता फॉस्फॅटिडिक आम्लालाच जोडायचं, म्हणजे सीडीपी-डायअसिलग्लिसरॉल. टाळी वाजवताना कोणता हात हलवायचा, एवढाच फरक. या वाटेने फॉस्फॅटिडिलइनॉसिटॉल बनतं आणि तंतुकणिकेत (मायटोकॉन्ड्रियात) कार्डिओलिपिन बनतं. जिवाणू फॉस्फॅटिडिलसेरीनही याच वाटेने करतात, यीस्टही. आपण करत नाही. आपल्या पेशी आधी बनलेल्या फॉस्फॅटिडिलकोलिनचं किंवा इथेनॉलअमाइनचं डोकं काढून तिथे सेरीन बसवतात, सरळ अदलाबदल. पेपरात "मानवी पेशीत सीडीपी-डायअसिलग्लिसरॉल अधिक सेरीन" असं मी इतक्यांदा वाचलं आहे की दोष मुलांचा राहिला नाही, ई. कोलाय या जिवाणूचा तक्ता माणसाच्या नावाने छापणाऱ्या गाइडांचा आहे.

किती बनवायचं हे कोण ठरवतं? मुख्यतः सीडीपी-कोलिन बनवणारं एन्झाइम. त्याची पद्धत मला फार आवडते. ते एरवी पेशीत मोकळं, सुस्त असतं. पटलात फॉस्फॅटिडिलकोलिन कमी पडलं की शेजारच्या डोक्यांमध्ये फटी राहतात. या एन्झाइमचा एक लांब पीळ त्या फटींत शिरतो आणि शिरला की एन्झाइम जागं होतं. लेसिथिन पुरेसं झालं, फटी बुजल्या, पीळ बाहेर, काम बंद. गवंडी भिंतीवर हात फिरवून पोकळ जागा शोधतो तसं. वरून हुकूम यायची वाट बघावी लागत नाही.

कोलिन मात्र बाहेरून यावं लागतं. यकृत थोडं स्वतः करू शकतं: फॉस्फॅटिडिलइथेनॉलअमाइनच्या डोक्याला एकामागून एक तीन मिथाइल लावून. यकृतातलं साधारण 30 टक्के फॉस्फॅटिडिलकोलिन या वाटेने येतं. हे एन्झाइम इस्ट्रोजेनने वाढतं, त्यामुळे पाळी गेलेल्या बायकांना आहारातल्या कोलिनची गरज जास्त भासू शकते. एका मोठ्या अंड्यात सुमारे 150 मिलिग्रॅम कोलिन असतं. अंडं खात नसाल तर सोयाबीन, दूध, शेंगदाणे आहेतच. कमी पडलं की पहिला त्रास यकृताला होतो. यकृतातला मेद रक्तात पाठवायचा तर त्याच्या गोळीला फॉस्फॅटिडिलकोलिनची साल लागते, दुधाच्या थेंबासारखीच. साल नाही तर मेद आतच साठतो. चार्ल्स बेस्ट यांनी 1932 च्या सुमारास उंदरांवर हेच दाखवलं होतं, लेसिथिन दिलं की यकृत चरबीने भरत नाही. फॅटी लिव्हर म्हटलं की लोक तेल-तूप बंद करतात. साल कुठून येणार, हे सहसा कुणी विचारत नाही. (यावरून लेसिथिनच्या गोळ्या आणू नकोस. आपल्याकडच्या बहुतेक फॅटी लिव्हरची कारणं पोट, साखर आणि दारू हीच आहेत.)

याच मिथाइल लावण्याच्या वाटेवर शेतातलं एक औषध बसतं. इगतपुरी, त्र्यंबक भागात भातावर करपा येतो, त्यावर मारतात ती आयसोप्रोथायोलेन आणि इप्रोबेन्फॉस ही बुरशीनाशकं बुरशीची हीच पायरी अडवणाऱ्या गटात धरली जातात. द्राक्षवाल्यांना हा गट फारसा ओळखीचा नसतो, म्हणून सांगितलं.

आता "कुंपणच ना" या भागाकडे येते. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण माझं पोट याच्यावर चालतं.

पटल पटलातूनच वाढतं असं म्हटलं, पण त्यातली अडचण लक्षात घे. एन्झाइमांच्या कामाच्या जागा पेशीद्रवाच्या बाजूला असतात, म्हणून नवे रेणू त्या बाजूच्याच पदरात पडतात. एकच पदर वाढत गेला तर पटल वाकडं होईल. मग अर्धे पलीकडे टाका म्हणशील. पण फॉस्फोलिपिड आपल्या पदरात सैरावैरा पळतं, शेजाऱ्याशी सेकंदाला सुमारे 1 कोटी वेळा जागा बदलतं. पलटी मारून दुसऱ्या पदरात जायला मात्र त्याला तास, कधी दिवस लागतात, कारण पाणी आवडणारं डोकं तेलातून ओढून न्यायचं असतं. म्हणून आंतर्द्रव्यजालिकेत स्क्रॅम्ब्लेज नावाची प्रथिनं असतात. ती ऊर्जा न खर्चता दोन्ही बाजूंना वाट मोकळी करून देतात आणि पदर सारखे होतात. बाहेरच्या पेशीपटलात उलट व्यवस्था. तिथे फ्लिपेज नावाचे पंप एटीपी जाळून फॉस्फॅटिडिलसेरीन आणि इथेनॉलअमाइनवालं आतल्या पदरात ओढत राहतात. परिणाम असा की निरोगी पेशीच्या बाहेरच्या अंगाला फॉस्फॅटिडिलकोलिन आणि स्फिंगोमायलिन (तसंच कोलिनचं डोकं असलेलं दुसरं लिपिड), तर सेरीनवालं जवळजवळ सगळं आत. घराला बाहेरून एक रंग आणि आतून दुसरा. हा फरक टिकवायला पेशी रात्रंदिवस एटीपी मोजते. नुसतं कुंपण असतं तर कशाला मोजलं असतं?

कारण आतला रंग बाहेर दिसणं ही खूण आहे. पेशी मरणाला लागली की कास्पेज एन्झाइमं फ्लिपेज तोडतात आणि एक स्क्रॅम्ब्लेज कायमचं उघडतात. फॉस्फॅटिडिलसेरीन बाहेर येतं आणि भक्षक पेशी ते ओळखून सगळी पेशी गिळून टाकते, सांडलवंड न होता. सुरगाणा, पेठ, कळवणकडून सिकल सेलचे नमुने येतात. त्या लाल पेशींच्या बाहेरही हे जास्त दिसतं आणि त्या रुग्णांच्या रक्तात गुठळीचा कल वाढण्यामागे हे एक कारण आहे.

प्लेटलेटमध्ये हीच खूण वेगळ्या कामाला येते. कापलं, रक्त आलं, प्लेटलेटमध्ये कॅल्शियम चढलं की दुसरं एक स्क्रॅम्ब्लेज उघडतं आणि सेरीनवाली ऋणभारित बाजू बाहेर येते. गोठण घटक 2, 7, 9 आणि 10 यांना के जीवनसत्त्वामुळे कॅल्शियम धरणारी बोटं मिळालेली असतात, ती त्या पृष्ठभागावर बसतात. रक्तात इकडेतिकडे तरंगणारे घटक एका ओट्यावर आले की प्रोथ्रॉम्बिनपासून थ्रॉम्बिन (रक्त गोठवणारं एन्झाइम) व्हायचा वेग काही लाख पटींनी वाढतो. हे स्क्रॅम्ब्लेज जन्मतः बिघडलेलं असेल तर प्लेटलेटची संख्या ठीक, घटक ठीक, तरी रक्त नीट थांबत नाही. त्याला स्कॉट सिंड्रोम म्हणतात, फार विरळा.

म्हणून आमच्या लॅबचा फ्रीज उघडलास तर तुझ्या पुस्तकाचं हे प्रकरण बाटल्यांत भरलेलं दिसेल. रक्त किती वेळात गोठतं हे बघणाऱ्या दोन चाचण्या घे. प्रोथ्रॉम्बिन टाइमच्या बाटलीत टिश्यू फॅक्टर (गोठणं सुरू करणारं प्रथिन) आणि फॉस्फोलिपिड. एपीटीटीच्या बाटलीत टिश्यू फॅक्टर नाही, पण फॉस्फोलिपिड आहेच. ट्यूबमध्ये प्लेटलेट काढून टाकलेली असतात, मग त्यांच्या ओट्याची जागा कुणीतरी घ्यायला नको? सिफिलिससाठीच्या व्हीडीआरएल चाचणीचं अँटिजेन म्हणजे कार्डिओलिपिन, लेसिथिन आणि कोलेस्टेरॉल यांचं मिश्रण. कार्डिओलिपिन मेरी पँगबॉर्न यांनी 1942 साली बैलाच्या हृदयातून वेगळं केलं, म्हणून नावात हृदय. चार शेपट्यांचं हे फॉस्फोलिपिड मुख्यतः तंतुकणिकेच्या आतल्या पटलात राहतं.

आणि आता माझी एक चूक. बारा-तेरा वर्षांपूर्वी वारंवार गर्भपात होणाऱ्या एका बाईचा ल्यूपस अँटिकोआग्युलंटसाठी नमुना आला. ही चाचणी ज्या आजारासाठी करतात त्यात शरीर फॉस्फोलिपिडवर बसणाऱ्या प्रथिनांविरुद्ध अँटिबॉडी करतं. गंमत अशी की ट्यूबमध्ये त्या अँटिबॉडी रसायनातलं फॉस्फोलिपिड अडवतात आणि रक्त उशिरा गोठतं. शरीरात मात्र गुठळ्या होतात, वारेतसुद्धा. चाचणीला घोणसाचं विष वापरतात, कारण ते घटक 10 थेट जागा करतं. एक ट्यूब कमी फॉस्फोलिपिडची, एक जास्त फॉस्फोलिपिडची. कमी असताना वेळ लांबली आणि भरपूर घातल्यावर पूर्ववत झाली, तर अँटिबॉडी आहेत. त्या बाईचा नमुना एकदाच सेंट्रिफ्यूज करून आम्ही गोठवला आणि शनिवारी बॅचमध्ये लावला. निगेटिव्ह आला, मी सही केली. स्त्रीरोगतज्ज्ञांनी फोन केला, ताज्या रक्तावर एपीटीटी लांबलेलं असताना हे निगेटिव्ह कसं? नमुना परत मागवला, दोनदा सेंट्रिफ्यूज केला, पॉझिटिव्ह. पहिल्या वेळी प्लाझ्मात प्लेटलेट उरली होती. गोठवून वितळवताना ती फुटली, त्यांच्या पटलांचे तुकडे प्लाझ्मात आले आणि न घातलेलं फॉस्फोलिपिड आपोआप घातलं गेलं. अँटिबॉडी त्या तुकड्यांवरच खर्ची पडल्या. तेव्हापासून आमच्याकडे दुहेरी सेंट्रिफ्यूज आणि मायक्रोलिटरला 10,000 पेक्षा कमी प्लेटलेट, त्याशिवाय नमुना फ्रीझरमध्ये जात नाही. चार्टवरचं "दुपदरी" मला त्या शनिवारी खरं कळलं.

शेपट्यांबद्दल थोडं. पहिल्यांदा लावलेल्या शेपट्या शेवटच्या नसतात. पेशी मधली, म्हणजे कण्याच्या दुसऱ्या जागेवरची शेपूट काढून वेगळी लावते. विल्यम लँड्स यांनी 1958 साली हे दाखवलं. मधल्या जागेवर ॲराकिडोनिक आम्ल असेल तर फॉस्फोलायपेज ए2 ते सोडवतं, त्याचं प्रोस्टाग्लँडिन होतं आणि ताप, सूज येते. ॲस्पिरिन पुढची पायरी अडवतं. साप हेच एन्झाइम विषात घेऊन फिरतात आणि थेट पेशींची पटलं कुरतडतात.

थंडीत डब्यातलं खोबरेल थिजतं, शेंगदाण्याचं तेल थिजत नाही, कारण दुसऱ्यात वाकड्या शेपट्या जास्त. पटलाचंही तसंच. थंडी पडू लागली की जिवाणू आणि वनस्पती वाकड्या शेपट्यांचं प्रमाण वाढवतात, म्हणजे पटल प्रवाही राहतं. निफाडचा पारा एकदम घसरला की तेवढा वेळ मिळत नाही, पेशी गळू लागतात. बर्फ झाला तर पटल फाटतंच. तुमच्याकडे पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात त्या त्यासाठी. वायनरीतही हाच धागा सापडेल. यीस्टला वाकड्या शेपट्या आणि अर्गोस्टेरॉल (यीस्टच्या पटलातलं कोलेस्टेरॉलसारखं द्रव्य) बनवायला ऑक्सिजन लागतो. बंद टाकीत तो लवकर संपतो, प्रत्येक नव्या पेशीत जुना साठा वाटला जाऊन पातळ होतो, पटल अल्कोहोल सोसेनासं होतं आणि साखर उरलेली असताना फर्मेंटेशन अडकतं. म्हणून सुरुवातीला रसाला थोडी हवा देतात.

उलट एका ठिकाणी दोन्ही शेपट्या सरळ हव्या असतात: फुप्फुसात. श्वास सोडल्यावर वायुकोश मिटून चिकटू नयेत म्हणून तिथे सर्फॅक्टंट असतं आणि त्यातला मुख्य रेणू म्हणजे दोन सरळ 16 कार्बनच्या शेपट्यांचं फॉस्फॅटिडिलकोलिन. सरळ शेपट्या दाटीने उभ्या राहतात आणि पृष्ठताण जवळजवळ शून्यावर आणतात. बाळाच्या फुप्फुसात हे पुरेसं व्हायला 34-35 आठवडे लागतात. मेरी एलन एव्हरी आणि जेरे मीड यांनी 1959 साली दाखवलं की श्वासाच्या त्रासाने दगावलेल्या अपुऱ्या दिवसांच्या बाळांत हेच कमी होतं. 34 आठवड्यांच्या आत कळा सुरू झाल्या की आईला स्टेरॉइडची इंजेक्शनं देतात, ती इतर गोष्टींबरोबर त्याच सीडीपी-कोलिन बनवणाऱ्या एन्झाइमचं काम वाढवतात. केनेडींच्या बाटलीतली अशुद्धी इथवर पोचली.

इनॉसिटॉलवाल्यांचं एका ओळीत सांगते, नाहीतर रात्र होईल: ते पटलात थोडेसेच असतात, पण बाहेरून संप्रेरकाचा निरोप आला की त्यांचं डोकं कापून पेशीत सोडलं जातं, ते आतलं कॅल्शियम उघडतं आणि उरलेलं डायअसिलग्लिसरॉल पटलात थांबून दुसरा निरोप देतं.

आता डिपिंग ऑइल. त्यात इथाइल ओलिएट असतं, म्हणजे ओलेइक आम्लाला अल्कोहोल जोडलेलं. ओलेइक आम्ल हीच ती वाकडी शेपूट, फॉस्फोलिपिडच्या मधल्या जागेवर बऱ्याचदा बसणारी. नातं एवढंच. त्याला डोकं नाही, त्यामुळे ते पटल बनवू शकत नाही. त्याचं काम मण्याच्या सालीबाहेरच्या मेणावर आहे. पोटॅशियम कार्बोनेटच्या पाण्यातून ते मेणाच्या पापुद्र्यांत शिरतं, मांडणी सैल करतं आणि पाणी लवकर उडतं. मण्यातल्या पेशींची पटलं मात्र पुढे सुकताना फुटतात. तेव्हा एरवी वेगळ्या कप्प्यांत असलेली फिनॉलं आणि त्यांना तपकिरी करणारं एन्झाइम एकत्र येतात. सुकणं जितकं लवकर, तितका त्यांना वेळ कमी. डिप न लावलेला एक घड शेडमध्ये डिप लावलेल्याच्या शेजारी टांग आणि दोघांचा रंग रोज बघत जा.